क्षमा कुणी करायची?

दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि पर्व संपलं की क्षमावणी. म्हणजे दहा धर्मांची सुरुवात क्षमेने आणि समारोपही क्षमेनेच. बस्तीतून बाहेर पडताना लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतात. हल्ली मोबाइलवरचं फुलांचं एकच चित्र दोनशे जणांना पाठवूनही हे काम होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काही न म्हणण्यापेक्षा तेवढं तरी बरं.

पण क्षमा मागावी कशी, यावर जितकी प्रवचनं आपण ऐकली, तितकी क्षमा करायची कुणी यावर ऐकलेली नाहीत. तुम्ही म्हणाल, यात ऐकायचं काय? ज्याचं मन दुखावलं, ज्याचं नुकसान झालं, त्याने करायची. बोलायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा दुखावलेली बाई आत चहा गाळत असते आणि बाहेर सोप्यात तिच्या वतीने दुसरेच कुणीतरी क्षमा करून मोकळे होतात.

हा प्रश्न मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो फ्रान्समधल्या एका जळक्या गावात. तिथवर मी कशी पोचले ते थोडक्यात सांगते.

माझी धाकटी लेक लियाँला नोकरीला आहे. तिच्याकडे मोटरसायकल आहे. जून महिन्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, रेल्वेतून शहरं दिसतात, गावं दिसत नाहीत. माझ्या मागे बस, चार दिवस फिरू.’’ एकसष्टाव्या वर्षी जाडजूड जाकीट, बूट आणि हेल्मेट घालून मी लेकीच्या मागे बसले. पहिल्या दिवशी कंबर धरली. दुसऱ्या दिवसापासून मजा वाटायला लागली. गव्हाची शेतं, मधूनच तांबडी खसखशीची फुलं, पांढऱ्या गाई, दगडी घरं. जेवणाची काळजी होती, पण ती लवकरच मिटली. जूनमध्ये तिथे साडेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायला मुबलक वेळ. बटाटा टाळताना मात्र नाकी नऊ आले. ल प्युई गावचे हिरवे मसूर प्रसिद्ध आहेत. दोन दिवस मी त्यांवर आणि पावावर काढले.

मोटरसायकलवरून एक गोष्ट दिसते, ती गाडीच्या काचेआडून दिसली नसती. जवळजवळ प्रत्येक गावाच्या चौकात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. पन्नास उंबऱ्यांचं गाव आणि दगडावर तीस नावं. एकाच आडनावाची तीन-तीन नावं, म्हणजे भाऊ किंवा चुलतभाऊ. खाली कोपऱ्यात दुसऱ्या महायुद्धाची नावं, त्यामानाने कमी. लेक पाणी प्यायला थांबली की मी ती नावं वाचायची. अर्थ कळत नव्हता तरी आडनावं जुळवता येत होती.

मी बेळगावची. युद्ध मला अगदीच परकं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या गावात. पहाटे कवायतीचे आवाज ऐकत आम्ही वाढलो. जैन घरात अहिंसा आणि घराबाहेर पलटण, यांचा मेळ कसा घालायचा हे आमच्या वाडवडिलांनी शास्त्रावरून ठरवलेलं होतं. हिंसा चार प्रकारची. ठरवून, मनात आणून केलेली ती संकल्पी. स्वयंपाक-झाडलोटीत होणारी आरंभी. शेती-धंद्यात होणारी उद्योगी. आणि आपलं, दुबळ्यांचं, देशाचं रक्षण करताना करावी लागणारी विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची. बाकीच्या तीन त्याला पूर्ण सुटत नाहीत, म्हणून त्या शक्य तितक्या कमी करायच्या. संध्याकाळी शेतांमधून जाताना हेल्मेटच्या काचेवर किडे आपटून मरत, लेक मुक्कामाला पोचल्यावर ओल्या फडक्याने काच पुसायची. मी तिला म्हटलं, ‘‘संध्याकाळी हळू चालव आणि अंधाराआधी थांबू.’’ आपल्याला एवढं करता येतं, तेवढं करायचं.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, बरोबरची सगळी माणसं पडल्यावर, एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे आपल्या शास्त्राच्या भाषेत विरोधी हिंसेत बसवता येईल. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १० जून १९४४ रोजी, मध्य फ्रान्समध्ये लिमोज शहराजवळच्या ओरादूर-स्यूर-ग्लान या गावात जे घडलं, ते कुठल्याही शास्त्रात संकल्पीखेरीज दुसरीकडे बसणार नाही.

शनिवार होता. दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून चार दिवस झाले होते. ‘दास राइश’ नावाच्या जर्मन एसएस डिव्हिजनची एक तुकडी दुपारी गावात शिरली. सगळ्यांना बाजाराच्या मैदानावर जमवलं. पुरुषांना गोठ्यांत आणि कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या. बायकामुलांना चर्चमध्ये कोंडलं आणि चर्च पेटवून दिलं. मग घरं पेटवली. ६४२ माणसं गेली, त्यांत दोनशेच्या वर मुलं. २०२० मध्ये आणखी एका स्पॅनिश निर्वासित बाईचं नाव सापडलं, तेव्हा आकडा ६४३ झाला. चर्चमधून एकच बाई जिवंत सुटली, मार्गरीत रूफांश. वेदीमागच्या खिडकीतून तिने उडी टाकली, गोळ्या लागल्या, तशीच सरपटत ती मटाराच्या वाफ्यात जाऊन पडून राहिली. दुसऱ्या दिवशी लोकांनी तिला उचललं. तिचा नवरा, मुलगा, दोन्ही मुली आणि काही महिन्यांचा नातू, सगळे त्या एका दुपारी गेले.

ते गाव तसंच ठेवलं आहे. युद्ध संपत आलं तेव्हा जनरल द गॉल तिथे आले आणि हे अवशेष हलवायचे नाहीत असं ठरलं. नवं गाव शेजारी वसवलं. जुन्या गावाच्या तोंडाशी ‘आठवण ठेवा’ अशी पाटी आहे. आम्ही मोटरसायकल लांब उभी केली आणि चालत आत गेलो. छपरं नाहीत, भिंती आहेत. ट्रामचे रूळ आहेत. गंजलेली मोटार आहे. मला सगळ्यात जास्त दिसली ती शिवणयंत्रं. घराघरात, मोकळ्या आभाळाखाली, लोखंडी सांगाडे उरले आहेत. त्या दुपारी कुणी फ्रॉकला टीप मारत असेल, कुणी नवऱ्याच्या सदऱ्याला ठिगळ लावत असेल.

बहुतेक पाहुणे एवढं बघून परततात. आम्ही शेजारच्या स्मृतिकेंद्रात पुढची हकिकत वाचली. लेक मराठीत सांगत होती आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो क्षमेचा प्रश्न उभा राहिला.

१९५३ च्या जानेवारीत बोर्दो शहरात लष्करी न्यायालयापुढे खटला उभा राहिला. हजर आरोपी एकवीस. त्यांतले सात जर्मन, चौदा फ्रान्सच्याच आल्सास प्रांतातले. आल्सास जर्मनीने १९४० मध्ये आपल्यात ओढून घेतला होता आणि १९४२ पासून तिथल्या पोरांना सक्तीने फौजेत भरती केलं. आल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून अशी सुमारे १,३०,००० माणसं. ‘मनाविरुद्ध गेलेले’ असंच त्यांना म्हणतात. पळून गेलं तर घरच्यांना शिक्षा. त्या चौदांपैकी तेरा जण असे होते. एक स्वखुशीने गेलेला.

फेब्रुवारीत निकाल लागला. एक जर्मन आणि तो स्वखुशीचा आल्सासवाला, दोघांना देहदंड. बाकीच्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना कैद किंवा सक्तमजुरी. आल्सासमध्ये संतापाची लाट उसळली. आमच्या पोरांना देशाने वाऱ्यावर सोडलं, शत्रूने ओढून नेलं, आणि आता देशच शिक्षा करतो? देश दुभंगायची भीती. आठवड्याभरात पॅरिसच्या संसदेने कायदा करून त्या तेरा जणांना माफी दिली. ते घरी गेले.

ओरादूरने काय केलं? सरकारने गावाला दिलेली मानाची पदकं परत केली. मृतांच्या अस्थी सरकारने बांधलेल्या स्मारकात ठेवायला नकार दिला. ते स्मारक कित्येक वर्षं रिकामं राहिलं. ज्या खासदारांनी माफीच्या बाजूने मत दिलं, त्यांची नावं गावाच्या तोंडाशी फलकावर लावली. आणि ज्या डिव्हिजनने हे केलं, तिचा सेनापती लामरडिंग? तो जर्मनीत ड्युसेलडॉर्फला धंदा करत राहिला आणि १९७१ मध्ये मेला. फ्रान्सच्या हाती तो कधी लागलाच नाही.

आता यात चूक कुणाची म्हणायची? मी आल्सासच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. सतरा-अठरा वर्षांचं पोर फरफटत नेलेलं. आपलं शास्त्रही सांगतं की कर्माचा बंध भावाप्रमाणे कमीजास्त असतो; तीव्र भावाने केलेलं आणि मंद भावाने केलेलं, जाणून केलेलं आणि अजाणता केलेलं, सारखं नव्हे. म्हणून त्या पोरांची शिक्षा कमी व्हावी, यात मला अन्याय दिसत नाही. पण तेच शास्त्र असंही सांगतं की कृत, कारित आणि अनुमोदित, स्वतः केलेलं, करवलेलं, मान डोलावून होऊ दिलेलं, तिन्हींचा हिशेब आहे. सक्तीने बंध हलका होतो. शून्य होत नाही.

ओरादूरला यायच्या दोन दिवस आधी आम्ही ल शांबों नावाच्या डोंगरावरच्या गावात थांबलो होतो. तिथे आंद्रे त्रोक्मे नावाचे पाद्री आणि त्यांची बायको माग्दा. युद्धात त्यांनी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी पोलिसांच्या आणि जर्मनांच्या नाकाखाली हजारो ज्यू माणसं, मुलं लपवली. शस्त्र एकही नाही. दार वाजलं की उघडायचं आणि आत घ्यायचं. त्यांनाही भीती होतीच. त्यांच्याच नात्यातले शिक्षक डॅनियल त्रोक्मे मुलांबरोबर पकडले गेले आणि छावणीत मेले. म्हणजे त्याच काळात, त्याच धाकाखाली काही माणसांना ‘नाही’ म्हणता आलं. हे आठवल्यावर ‘पोरं बिचारी काय करणार’ एवढ्यावर प्रश्न संपवता येत नाही. आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे छातीठोकपणे कुणी सांगू नये, हेही खरं.

तरी शिक्षा कमी करणं हा एक भाग झाला. तो सरकारचा अधिकार आहे आणि कधी ते त्याचं कर्तव्यही असतं. मला खटकलं ते दुसरं. मार्गरीत रूफांश त्या न्यायालयात येऊन साक्ष देऊन गेली होती. आठवड्याभरात तिच्या देशाने तिला न विचारता सांगितलं की झालं ते झालं, देशाची एकी महत्त्वाची. शिक्षेतली सूट आणि क्षमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूट वरून देता येते. क्षमा वरून देता येत नाही, कारण ती देणाऱ्याच्या पदरी असावी लागते. मार्गरीतचं दुःख पॅरिसच्या संसदेच्या पदरी नव्हतं. जे आपलं नाही ते दान कसं देणार?

जैन विचारात तर हे अधिकच पक्कं आहे. ज्याचं कर्म त्यानेच भोगायचं, त्यानेच झाडायचं. तीर्थंकरही ते दुसऱ्यासाठी पुसत नाहीत. मग मी कुणाला क्षमा केली, म्हणजे त्याचं कर्म पुसलं का? नाही. मी माझ्या मनातला क्रोध आणि वैर सोडलं, एवढंच. क्षमेने मोकळा होतो तो करणारा. करून घेणाऱ्याला आपला रस्ता स्वतःच चालायचा असतो. त्याचा पश्चात्ताप, त्याचं प्रायश्चित्त, त्याचं बदलणं हे त्याचंच काम. ‘उत्तम’ हा शब्द क्षमेला उगाच लावलेला नाही. नाइलाजाने गप्प बसणं ही उत्तम क्षमा नव्हे.

आता घरच्या सोप्यात येऊ. आमच्या ओळखीतल्या एका सुनेचे माहेरचे दागिने दिराने तिला न विचारता गहाण टाकले. धंदा बुडाला, दागिने गेले. दोन वर्षं घरात बोलणं बंद. शेवटी क्षमावणीच्या दिवशी चार जाणती माणसं घरी जमली. दिराने हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण हात जोडले ते सोप्यातल्या वडीलधाऱ्यांपुढे. त्यांनी ‘‘माणसाकडून चूक होते’’ म्हणून पाठीवर हात ठेवला. तिला आतून बोलावून सांगितलं, ‘‘अक्का, धर्माचा दिवस आहे, मनात काही ठेवू नको.’’ ती मान हलवून आत गेली. दागिन्यांचं पुढे काय, हे कुणी बोललं नाही. बोललं असतं तर तीच वैर धरणारी ठरली असती.

हे दागिन्यांचं झालं. जिथे मारहाण असते, लहान मुलीशी घरातल्याच कुणी केलेलं वाईट वर्तन असतं, तिथेही हेच होताना आपण पाहिलेलं आहे. घराची अब्रू, समाजाची एकी, मुलांची लग्नं, कारणं खोटी नसतात. आल्सासचं कारणही खोटं नव्हतं. पण त्या कारणांचं ओझं जिला आधीच मार बसला तिच्याच डोक्यावर का?

आपल्या पुराणात कमठ आणि मरुभूती या भावांची कथा आहे. कमठाने धाकट्या भावाच्या बायकोवर, वसुंधरीवर, वाईट नजर ठेवली. राजाने त्याला हाकलून दिलं. मरुभूती मनाने चांगला. भावाशी समेट करायला तो रानात गेला, पायावर डोकं ठेवलं, आणि कमठाने हातातली शिळा त्याच्या डोक्यात घातली. तिथून ते वैर जन्मोजन्मी चाललं, थेट भगवान पार्श्वनाथांपर्यंत, आणि त्यांच्या समतेपुढे संपलं. ही कथा मी लहानपणापासून ऐकली. ती मला प्रिय आहे, कारण वैर किती लांब चालतं आणि शेवटी कशाने थांबतं हे ती सांगते. पण ऐकलेल्या एकाही शास्त्रसभेत वसुंधरीला काय वाटलं, हे कुणी सांगितलेलं आठवत नाही. मरुभूती समेटाला निघाला तेव्हा त्याने तिला विचारलं का? ज्या अपराधाबद्दल समेट करायचा, तो घडला होता तिच्याशी.

कुणी म्हणेल, मग काय वैर धरून बसायचं? जन्मोजन्मी? अजिबात नाही. वैर संपलंच पाहिजे, नाहीतर पहिला जळतो तो धरणाराच. पण क्षमा आणि सत्य यांत भांडण नाही, हे मला ओरादूरच्याच एका माणसाने दाखवलं.

रोबेर एब्रास त्या दिवशी अठरा वर्षांचा होता. कोठारात गोळ्या घातलेल्या पुरुषांच्या ढिगाखाली तो जिवंत राहिला. आई आणि दोन बहिणी चर्चमध्ये गेल्या. पुढचं आयुष्य त्याने फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातल्या समेटासाठी काम केलं, तरुण पोरांना ते गाव हिंडून दाखवलं. २०१३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष गाउक ओरादूरला आले तेव्हा त्या जळक्या चर्चमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद, गाउक आणि एब्रास हातात हात धरून उभे राहिले. हे तुम्ही फोटोत पाहू शकाल. पण याच माणसाने १९८३ मध्ये पूर्व बर्लिनला जाऊन, त्या तुकडीतला हाइन्झ बार्ट नावाचा अधिकारी पकडला गेला तेव्हा, त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. बार्टला जन्मठेप झाली. साक्ष देताना एब्रासने समेट सोडला नाही आणि समेट करताना साक्ष मागे घेतली नाही. २०२३ मध्ये तो वारला.

माझ्या दृष्टीने उत्तम क्षमेचा अर्थ यात आहे. वैर सोडायचं ते स्वतःच्या मनातून, स्वतःच्या वेळेला. काय घडलं ते मात्र पूर्ण सांगायचं, आणि ज्याने केलं त्याने त्याची भरपाई करायची. पहिलं काम दुखावलेल्याचं. दुसरं सांगणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्यांचं. तिसरं अपराध्याचं. आपण समाज म्हणून पहिलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि आपल्या वाट्याचं दुसरं काम, ऐकण्याचं, टाळतो.

म्हणून पुढच्या क्षमावणीला घरात असा काही विषय निघाला, तर घरातल्या मोठ्या बायकांनी, म्हणजे आपणच, दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. हात जोडायला आलेल्याला आधी विचारावं, ‘‘बाबा, तू कुणाचं नुकसान केलंस? तिच्यापुढे जाऊन बस.’’ आणि तिला विचारावं, ‘‘तुला काय सांगायचं आहे?’’ ती बोलेल तेवढं ऐकून घ्यावं. त्यानंतर ती आज क्षमा करते की पुढच्या वर्षी, की अजून काही वर्षांनी, हे तिच्यावर सोडावं. चहाचं आपण बघू.